कठीण पाण्याचा धडा : उपाय आणि अपाय

शालेय विज्ञानात काही विषय असे आहेत, की ते प्रत्येक पिढीने घोकले, परीक्षेत लिहिले आणि नंतर कधी वापरले नाहीत. पाण्याचा कठीणपणा हा त्यांपैकी एक. ज्या पाण्यात साबणाचा फेस सहज होत नाही ते दुष्फेन किंवा कठीण पाणी, ही व्याख्या. अस्थायी आणि स्थायी, हे दोन प्रकार. उकळणे, चुना घालणे, धुण्याचा सोडा घालणे, हे उपाय. उत्तर पाच ओळींचे आणि गुण पैकीच्या पैकी. याच विद्यार्थ्याच्या घरी पुढे गिझरची कॉईल जळते, शॉवरची छिद्रे बुजतात, धुलाई यंत्राच्या पाइपात पांढरा चुरा साठतो, आणि दारात आलेला विक्रेता हातातल्या लहानशा मीटरवर एक आकडा दाखवून काही हजारांचे यंत्र गळ्यात मारतो. त्या वेळी धड्यातले एकही वाक्य उपयोगी पडत नाही.

दोष विद्यार्थ्याचा नाही. धड्याची मांडणीच तशी आहे, असे आमचे मत आहे. पाठ्यपुस्तकांतून आणि मार्गदर्शकांतून हा विषय सर्वसाधारणपणे ज्या पद्धतीने येतो, ती पद्धत आणि तिची रिकामी जागा भरून काढणारी जाहिरात, या दोहोंची तपासणी येथे करायची आहे. उदाहरणासाठी आम्ही नाशिक घेतले आहे, कारण तेथे हा सारा विषय एकाच इमारतीच्या टाकीत पाहायला मिळतो.

एक गाव, दोन पाणी

नाशिक शहराला महापालिकेचे पाणी मुख्यत: गोदावरीवरील गंगापूर धरणातून येते. दारणा आणि मुकणे या धरणांतूनही पाणी घेतले जाते. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या डोंगरांवर पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून वाहत येतो आणि धरणात साठतो. या पाण्याचा खडकाशी संबंध आला तो थोड्या काळापुरता. म्हणून त्यात विरघळलेले क्षार तुलनेने कमी.

दुसरे पाणी बोअरचे. हेच पावसाचे पाणी, पण ते जमिनीत मुरले. मातीत मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनामुळे हवेपेक्षा कितीतरी अधिक कार्बन डायऑक्साइड असतो. तो विरघळून पाणी सौम्य आम्लधर्मी बनते. असे पाणी काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या भेगांतून महिनोन् महिने झिरपते. बेसॉल्टमधील फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांची त्यामुळे हळूहळू झीज होते आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम पाण्यात उतरतात. त्यांच्या जोडीला येते ते मुख्यत: बायकार्बोनेट. सिन्नर-येवल्याकडच्या कमी पावसाच्या भागात पाण्याची वाफ अधिक होऊन क्षार मागे राहतात, जमिनीत चुनखडीचे खडे दिसतात आणि विहिरींचे पाणी आणखी कठीण होते.

अनेक सोसायट्यांत ही दोन्ही पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत मिसळतात. उन्हाळ्यात बोअरचा वाटा वाढतो. त्यामुळे 'नाशिकचे पाणी कठीण आहे का?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणत्या नळाचे, कोणत्या महिन्यातले, असे विचारावे लागते. धड्यात मात्र कठीण पाणी हे मीठ किंवा गंधकासारखे एक ठरावीक द्रव्य असावे, अशा थाटात येते. कठीणपणा ही मात्रा आहे, ती मोजायची असते आणि ती बदलते, ही पहिली गोष्ट धड्यातून निसटते.

भाषेचाही एक घोटाळा येथे नोंदवला पाहिजे. घरोघरी अशा पाण्याला 'जड पाणी' म्हणतात. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात 'जड पाणी' म्हणजे ड्यूटेरियमयुक्त पाणी, जे अणुभट्टीत वापरतात. त्या दोहोंचा काहीही संबंध नाही. वर्गात हे एकदा स्पष्ट सांगितले नाही, तर बोअरच्या पाण्याचा संबंध अणुभट्टीशी जोडणारी मुले निघतात. 'खारे', 'मचूळ' आणि 'कठीण' हेही एक नव्हे. समुद्राच्या पाण्यात तिन्ही गुण असतात. पण चवीला गोड लागणारे विहिरीचे पाणी चांगलेच कठीण असू शकते.

एक अभिक्रिया, दोन परिच्छेद

आता धड्यातील मुख्य दोषाकडे वळू. सर्वसाधारण मांडणीत 'कठीण पाण्याचे तोटे' या मथळ्याखाली लिहिलेले असते, की अशा पाण्यामुळे बॉयलरमध्ये क्षारांचा थर जमतो. पुढे 'कठीणपणा घालवण्याचे उपाय' या मथळ्याखाली लिहिलेले असते, की पाणी उकळल्यास अस्थायी कठीणपणा जातो. पहिला अपाय, दुसरा उपाय. दोन स्वतंत्र प्रश्न, दोन स्वतंत्र उत्तरे.

वस्तुत: ही दोन्ही वाक्ये एकाच घटनेविषयी आहेत. पाणी तापले की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो. कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेल्या अवस्थेत राहते ते त्या वायूच्या आधारावर. आधार गेला की कॅल्शियम कार्बोनेट तयार होते आणि ते पाण्यात जवळजवळ न विरघळणारे असल्यामुळे खाली बसते. पातेल्यात हे घडले तर आपण म्हणतो, पाणी सुफेन झाले. गिझरच्या कॉईलवर घडले तर म्हणतो, थर जमला. पाण्यातून गेलेला कठीणपणा कोठेतरी गेला पाहिजे, तो भांड्याच्या तळाशी गेला, एवढाच याचा अर्थ.

ही एक ओळ धड्यात असती, तर विद्यार्थ्याला पुढच्या अनेक गोष्टी आपोआप कळल्या असत्या. थर गार पाण्याच्या माठात न जमता गिझरमध्येच का जमतो? कारण अभिक्रिया तापमानावर अवलंबून आहे. गिझरमध्येही तो कॉईलवरच जास्त का? कारण सर्वांत गरम पृष्ठभाग तोच. कूलरच्या जाळीवर आणि नळाच्या तोटीवर उष्णता नसतानाही पांढरे डाग का? कारण तेथे पाण्याची वाफ होते आणि सगळेच क्षार मागे राहतात. विनेगर किंवा लिंबूसत्वाच्या द्रावणात तोटी बुडवून ठेवली की बुडबुडे येऊन डाग का जातो? कारण आम्लामुळे कार्बोनेट पुन्हा विरघळते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. खडकात जे घडले, तेच वाटीत घडते.

बाजारात मिळणारे तीव्र 'ॲसिड' मात्र यासाठी वापरू नये. ते धातूही खाते, आणि ब्लीचिंग पावडरशी त्याचा संबंध आला तर विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

साबण गेला, धडा राहिला

धड्यातील दुसरा दोष काळाचा आहे. त्यातील सारा भर साबणावर आहे. कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका बनतो, त्यामुळे साबण वाया जातो आणि कपडे स्वच्छ निघत नाहीत, हे बरोबरच आहे. परंतु आज बहुतेक घरांत कपडे साबणाच्या वडीने धुतले जात नाहीत. धुलाई पावडरीतील संश्लेषित अपमार्जकाचा असा साका बनत नाही. शिवाय पावडरीत कठीणपणा कमी करणारे पदार्थ, म्हणजे धुण्याचा सोडा आणि कित्येकदा संश्लेषित झिओलाइट, आधीच मिसळलेले असतात. म्हणजे धड्यातील 'सोडा घालणे' हा उपाय विद्यार्थ्याच्या घरी रोज पावडरीच्या पुड्यातून होत असतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.

याच्या उलट, घरात आजही दिसणारी एक खूण धड्यात सहसा नसते. कठीण पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. डाळीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या पेक्टिनशी कॅल्शियमचा बंध जुळतो आणि दाणा मऊ पडत नाही. म्हणूनच चिमूटभर खायचा सोडा टाकण्याची रीत पडली. प्रयोगशाळा नव्हती, तेव्हा विहिरीच्या पाण्याची पारख स्वयंपाकघरात होत असे. ज्ञानाचा हा धागा धड्याने सोडायला नको होता.

तुरटीविषयीही धडा गप्प असतो आणि त्या मौनात गैरसमज वाढतो. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, कठीणपणा जात नाही. उलट तुरटीची बायकार्बोनेटशी अभिक्रिया होऊन काही कॅल्शियम सल्फेटच्या जोडीने राहते, म्हणजे अस्थायी कठीणपणाचा थोडा भाग स्थायी होतो. घरगुती सल्ल्यांच्या सदरांतून 'जड पाण्यात तुरटी फिरवा' असे वाचायला मिळते, तेव्हा हे आठवावे.

गिझरचा हिशेब

आता उपकरणांकडे पाहू. एक काल्पनिक हिशेब मांडू. बोअरच्या पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट कठीणपणा आहे (कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मोजलेला) आणि घरात रोज १०० लिटर गरम पाणी लागते, असे धरू. रोज गिझरमधून ३० ग्रॅम चुनखडी जाते. त्यातील दहावा हिस्सा जरी आत राहिला, तरी रोज ३ ग्रॅम आणि वर्षाला एक किलोहून अधिक थर जमेल. प्रत्यक्षातला हिस्सा तापमानावर आणि पाण्याच्या आम्लतेवर ठरतो. पण प्रश्न ग्रॅमचा नसून किलोचा आहे, हे एवढ्यावरून कळते. असा हिशेब वर्गात पाच मिनिटांत होतो आणि कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक लक्षात राहतो.

या थराचा परिणाम काय? जाहिरातीत ठामपणे सांगितले जाते, की थर जमला की विजेचे बिल अमुक टक्क्यांनी वाढते. येथे विद्यार्थ्याने थांबून ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम लावून पाहावा. साठवणीच्या विजेच्या गिझरमध्ये कॉईल पाण्यात बुडालेली असते. तिच्यातून निघालेल्या उष्णतेला पाण्यात जाण्यावाचून दुसरा मार्गच नाही. थर उष्णतेचा दुर्वाहक आहे, हे खरे. त्यामुळे कॉईल अधिक तापते, एवढेच. उष्णता शेवटी पाण्यातच जाते, म्हणून बिल फारसे वाढत नाही. पण सतत जास्त तापल्यामुळे कॉईल लवकर जळते. म्हणजे नुकसान आहे, पण ते विजेचे नसून कॉईलचे आहे.

गॅस गिझरची गोष्ट वेगळी. तेथे ज्योत एका बाजूला आणि पाणी दुसऱ्या बाजूला असते. मध्ये थर आला की उष्णता पाण्याकडे न जाता धुराबरोबर बाहेर पडते. तेथे इंधन खरोखर वाया जाते. अमेरिकेतील बॅटेल संस्थेने २००९ मध्ये कठीण पाण्यावर अशी तुलना केली, तेव्हा विजेच्या साठवण गिझरची कार्यक्षमता टिकून राहिली आणि गॅसवरच्या उपकरणांची घटली. सौर बंबात तर नळ्या अरुंद झाल्या की पाण्याचा प्रवाहच मंदावतो. वीजनिर्मितीच्या बॉयलरमध्ये हाच प्रश्न शेकडो पटींनी गंभीर होतो. म्हणूनच एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी पाणी क्षारमुक्त केल्याशिवाय बॉयलरमध्ये सोडता येत नाही.

'कठीण पाण्याने उपकरणे बिघडतात' हे एक वाक्य पुरेसे नाही, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. कोणते उपकरण, उष्णता कोठून कोठे जाते, हे विचारल्यावरच विज्ञान सुरू होते.

विक्रेत्याचा प्रयोग

धडा जेथे थांबतो, तेथे विक्रेता सुरुवात करतो. त्याचे दोन प्रयोग आता सर्वांच्या परिचयाचे आहेत.

पहिला मीटरचा. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिच्यावरून एकूण विरघळलेल्या घटकांचा अंदाज देतो. ते घटक कॅल्शियमचे की साध्या मिठाचे, हे त्याला कळत नाही. गंमत अशी, की झिओलाइट किंवा रेझिनच्या साहाय्याने पाणी सुफेन केले, तर हा आकडा कमी होत नाही. ४० मिलिग्रॅम कॅल्शियम निघून त्याच्या जागी ४६ मिलिग्रॅम सोडियम येते. म्हणजे कठीणपणा गेला तरी विरघळलेले घटक किंचित वाढलेच. रोगजंतू आहेत की नाहीत, हे तर या मीटरला मुळीच कळत नाही.

दुसरा प्रयोग विद्युत अपघटनाचा. नळाच्या पाण्यात धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतात. पाणी क्षणात तपकिरी होते आणि गाळ तरंगू लागतो. शेजारच्या पेल्यातील यंत्राचे पाणी मात्र स्वच्छच राहते. 'बघा, हे तुम्ही पीत होता!' असे वाक्य येते. हा गाळ पाण्यातला नसतो. तो लोखंडी कांडीतून सुटलेल्या लोहाचा हायड्रॉक्साइड असतो. यंत्राच्या पाण्यात क्षार नसल्यामुळे त्यातून वीज वाहत नाही, म्हणून तेथे काही घडत नाही. खात्री करायची असल्यास यंत्राचेच पाणी पेल्यात घ्यावे, दोन लोखंडी खिळे एकमेकांना न टेकता उभे करावेत, ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडावेत आणि दहा मिनिटे पाहावे. मग त्यात चिमूटभर मीठ टाकावे. तेच 'शुद्ध' पाणी हिरवट, नंतर तपकिरी होईल. घरच्या विजेवर हा प्रयोग कोणीही, कधीही करू नये.

याहून मोठी विसंगती अशी. गिझरची पांढरी पडलेली कॉईल दाखवून विकले जाते ते पिण्याच्या पाण्याचे आर.ओ. यंत्र. ते गिझरला जोडलेलेच नसते! ते बसवल्यावरही गिझरमध्ये बोअरचेच पाणी जात राहते. भीती एका नळाची, उपाय दुसऱ्या नळाला.

आकड्याचा अर्थ आणि पाण्याची किंमत

भारतीय मानक १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्याच्या एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. १९९१ च्या आवृत्तीत पहिली मर्यादा ३०० होती, २०१२ मध्ये ती २०० झाली. जुन्या आवृत्तीत मर्यादेचे कारणही दिले होते : पाणीपुरवठ्याच्या यंत्रणेत थर जमणे आणि घरगुती वापरात अडचण. म्हणजे हा आकडा नळांसाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणास्तव मर्यादा ठरवलेली नाही. पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम आहारातही थोडी भर घालते. कठीण पाण्याने मुतखडा होतो, हे सिद्ध झालेले नाही. पुरेसे पाणी पिणे हाच त्यावरचा मान्य सल्ला आहे. फ्लोराइड, नायट्रेट किंवा जंतू हे धोके खरे आहेत. पण त्यांची तपासणी वेगळी असते, आणि पांढरा डाग ही त्यांची खूण नव्हे.

घरगुती आर.ओ. यंत्र एक लिटर पाणी देताना कित्येकदा दोन-तीन लिटर गटारात सोडते. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात सिन्नर, येवला, चांदवडकडच्या गावांना टँकरची वाट पाहावी लागते, तेथे या आकड्याचे वजन वेगळे सांगायला नको. विरघळलेले घटक लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी असतील, तेथे आर.ओ.चा वापर बंद करावा, असे निर्देश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये दिले ते याच विचाराने. शाळेसाठी असे यंत्र घेण्याचा ठराव समोर आला, तर विज्ञान शिक्षकाने आधी पाण्याचा तपासणी अहवाल मागावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्याची तपासणी होते.

बोअरचे पाणी फारच कठीण असेल, तर सुफेनक यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु त्याआधी फुकटचे उपाय आहेत. गिझरचे तापमान ७५ ऐवजी ६० अंशांच्या आसपास ठेवावे. शक्य तेथे महापालिकेचे पाणी गिझरला आणि बोअरचे पाणी संडास व फरशीला, अशी विभागणी करावी. टाकीचा गाळ वर्षातून एकदा काढावा. सुफेनक यंत्र घेतलेच, तर त्यातील सोडियम लक्षात घेऊन पिण्याचा नळ वेगळा ठेवावा, आणि यंत्र धुतल्यावर निघणारे मिठाचे पाणी बागेत सोडू नये.

धडा असा घ्यावा

वर्गासाठी एक जुनाच प्रयोग आम्ही सुचवतो. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी एकोणिसाव्या शतकात साबणाच्या द्रावणाने कठीणपणा मोजण्याची पद्धत रूढ केली. चुना घालून चुनाच काढण्याच्या प्रक्रियेचे पेटंटही त्यांचेच, १८४१ सालचे. अंगाच्या साबणाचा थोडा कीस बॅटरीसाठी मिळणाऱ्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावा. अपमार्जक किंवा शाम्पू चालणार नाही. सारख्या बाटल्यांत ५० मिलिलिटर नमुने घ्यावेत : पावसाचे पाणी, महापालिकेचे, बोअरचे, बोअरचे उकळून गाळलेले, सोडा घालून निवळलेले आणि तुरटी फिरवून निवळलेले. एकेक थेंब साबण घालून बाटली हलवावी. दोन मिनिटे टिकणारा फेस यायला किती थेंब लागले, ते लिहावे. बोअरच्या साध्या आणि उकळलेल्या नमुन्यांतील फरक म्हणजे अस्थायी कठीणपणाचा अंदाज. तुरटीच्या नमुन्याला थेंब कमी लागत नाहीत, हे मुलांनी स्वत: पाहू द्यावे.

नाशिकच्या शिक्षकांना आणखी एक सोय आहे. पांडवलेणीच्या परिसरातील खाणींतून झिओलाइट गटातील सुंदर स्फटिके मिळाली आहेत आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दख्खनच्या पाषाणातील असे नमुने मांडलेले आहेत. स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये या खनिजांना हे नाव दिले. कॅल्शियम धरून सोडियम सोडण्याच्या त्यांच्या गुणावरच पुढे पाणी सुफेन करण्याची पद्धत उभी राहिली. ज्या पाषाणामुळे पाणी कठीण होते, त्याच्याच पोकळ्यांत ते सुफेन करणारी खनिजे सापडतात. सहलीसाठी याहून चांगला विषय कोणता?

आणि परीक्षेत 'कठीण पाणी म्हणजे काय?' याऐवजी असे प्रश्न विचारून पाहावेत : उकळलेल्या पाण्यातील कठीणपणा कोठे गेला? विजेच्या आणि गॅसच्या गिझरमध्ये थराचा परिणाम वेगळा का? मीटरवरचा आकडा वाढूनही पाणी सुफेन कसे असू शकते? पिण्याच्या नळाला लावलेल्या यंत्राने गिझरची कॉईल वाचेल का? या चारांची उत्तरे देता आलेल्या विद्यार्थ्याला दारातला विक्रेता सहजासहजी फसवू शकणार नाही, आणि त्याच्या घरचे पाणी गटारात कमी जाईल.